सहाशे चाळीस, पूर्ण

काशीनाथ तोडणकर आठवी पास. नववीत दोन महिने गेला होता, पण ते तो धरत नसे. "आठवी," म्हणायचा आणि लगेच वर जोडायचा, "पण बी.ई. झालेले लोक माझ्याकडे डाय घेऊन येतात." हे खोटं नव्हतं. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे होते, त्यातल्या एका गाळ्यात तो डाय-फिटर होता. ज्या साच्यात पत्रा दाबला की पातेलं निघतं, तो साचा म्हणजे डाय. तो केसभर चुकला की शंभर पातेली वाकडी. काशीनाथचा केसभरही चुकत नसे. शर्टाच्या खिशात पेन नव्हतं, व्हर्निअर होतं, दोन दातांची बारीक मापपट्टी. लग्नाला गेला तरी खिशात व्हर्निअर. एकदा तर त्याने नवरदेवाची अंगठी मोजून सांगितली होती, की सोनाराने कान कापलाय तुमचा.

सांगायचा मुद्दा, माणूस कामाला चोख होता. फक्त तोंड बंद व्हायचं नाही.

अठ्ठ्याऐंशी साली परळची खोली सोडून तो भाईंदरला आला, तेव्हा बाप जाऊन चार वर्षं झाली होती. आई, बायको नीलिमा आणि अकरा वर्षांचा भाऊ पराग, सगळं लटांबर घेऊन चौथ्या मजल्यावर. "टॉप फ्लोअर घेतला मुद्दाम. हवा बघ, हवा!" असं तो येईल त्याला सांगायचा. टाकीचं पाणी दुसऱ्या मजल्याच्या वर कधी चढलंच नाही, हे मात्र पाहुण्याला हात धुवायची वेळ आली की कळायचं. मग रोज सकाळी खाली टँकरपाशी लाइन. काशीनाथ खांद्यावर टॉवेलची चुंबळ करून त्यावर हंडा घ्यायचा आणि चार मजले चढायचा, असे सहा हंडे. परागला त्याने एकदाही हंडा उचलू दिला नाही. "तू पुस्तक उचल. हंड्याला मी आहे." हेही खरं होतं, आणि हेही तो प्रत्येक मजल्यावर थांबून लोकांना सांगायचा.

पराग बारावी झाला आणि केबिन रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासला जायला लागला. पहिल्या वर्षी शिकला, दुसऱ्या वर्षी तिथेच लहान पोरांना शिकवायला लागला. पोरगा कमी बोलणारा. घरात एक माणूस एवढं बोलत असल्यावर दुसऱ्याने कुठे बोलायचं? सत्त्याण्णव साली, पोरं घरी गेली की मागे थांबून त्याने एक गेम बनवला. एकट्याने. चित्रं त्याची, आवाज त्याचे, सगळं त्याचं. नाव 'हंडा'. एका फ्लॉपीत मावायचा.

काशीनाथने तो गेम बघितला नव्हता. पराग दोनदा म्हणाला होता, "दादा, क्लासवर ये ना, दाखवतो."

"मला काय दाखवतोस? तू केलास म्हणजे झालाच चांगला."

आणि दुसऱ्या दिवशी गाळ्यात सगळ्यांना सांगून मोकळा. "आमच्या परागने गेम काढलाय. जपानची माणसं मागे लागलीत." जपानचं कुठून काढलं कोणास ठाऊक.

जपान नाही, पण मुंबईहून एक बाई खरंच मागे लागली होती. एक इंग्रजी कॉम्प्युटर मासिक होतं, त्याच्याबरोबर सीडी फुकट मिळायची. त्या सीडीवर आपल्याकडच्या मुलांनी बनवलेले छोटे गेम घालायचे असं ठरलं होतं, आणि ते निवडायचं काम मृणालिनी नावाच्या एका मॅडमकडे होतं. परागने पत्र टाकलं होतं. गुरुवारी क्लासवर मॅडमचा फोन आला.

त्या म्हणाल्या, "रविवारी मी उत्तनला मैत्रिणीकडे येतेय. अकरा वाजता भाईंदरला उतरून तुमचा गेम बघते. सोमवारी सीडी छापायला जाते, म्हणजे हा शेवटचा मोका. फक्त एक करा. ज्या मशीनवर बनवलात त्यावर नको. तिथे सगळ्यांचाच चालतो. दुसऱ्या कुठल्या तरी मशीनवर चालवून दाखवा. आणि आवडला तर सीडीचं काम करायला मला एक मुलगा हवाच आहे."

पराग घरी आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "डोंगरीला ॲरनकडे दाखवतो, उत्तनच्या वाटेवरच आहे," तो म्हणाला. ॲरन त्याच्या क्लासमधला मित्र. त्याच्या मामाने मस्कतहून येताना नवा रंगीत कॉम्प्युटर आणला होता. "तिथे मी एकदा चालवलाय पण. मस्त चालतो."

काशीनाथ जेवत होता. घास तसाच ठेवला. "डोंगरीला? लोकांच्या दारात? मुंबईची बाई येणार आणि आपण तिला दुसऱ्याच्या घरी नेऊन बसवणार? तोडणकरांकडे काय नाहीये काय?"

"आपल्याकडे कॉम्प्युटर नाहीये, दादा."

"शेठच्या केबिनमध्ये आहे ना! गेल्या आठवड्यात आलाय. नवा कोरा. मी सांगतो शेठला. माझा शब्द तिथे खाली पडत नाही."

"पण त्याच्यावर चालतो का ते बघायला लागेल. मी उद्या येऊ?"

"सुट्टीशिवाय बाहेरच्या माणसाला गाळ्यात घेत नाहीत. मी बघतो. काय बघायचं ते लिहून दे. एवढे डाय तपासतो, एक डबा तपासता येणार नाही मला?"

परागने वहीचं पान फाडलं आणि मराठीतच लिहून दिलं. पडदा रंगीत आहे का. फ्लॉपीची फट साडेतीन इंची आहे का, मोठी चालणार नाही. आणि मशीन चालू करून एम, ई, एम ही तीन अक्षरं दाबायची. मोकळी मेमरी किती तो आकडा येतो, तो लिहून आणायचा. पाचशे ऐंशीच्या वर पाहिजे. मशीनची एकूण सहाशे चाळीस असते.

"दादा, चालू करून बघ हां. नुसतं बघू नकोस."

"मला शिकव आता," काशीनाथ म्हणाला आणि कागदाची घडी व्हर्निअरमागे ठेवली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, खंडेनवमी. गाळ्यातली सगळी मशिनं सकाळीच धुवून पुसून झाली होती. प्रेसला झेंडूच्या माळा, ग्राइंडरला कुंकवाची बोटं, हातोड्या-कानशी पाटावर रांगेत. पूजेचा मान काशीनाथचा. गेली नऊ वर्षं तोच नारळ फोडायचा आणि तोच दम द्यायचा, की आता दसरा होईपर्यंत एकाही मशीनला वीज नाही. हत्यारांचा आरामाचा दिवस. कधी काळी कुणीतरी नवमीला ग्राइंडर चालवला होता, त्याची गोष्ट तो न चुकता सांगायचा. पहिल्या वर्षी त्या माणसाचं नख गेलं होतं. यंदा तीन बोटं गेली.

नारळ फुटला, पेढे वाटले, आणि शेठ हसमुखभाई म्हणाले, "काशीनाथ, ऑफिसमें भी आ जा. कॉम्प्युटर की भी पूजा कर दे. वो भी मशीन है."

काशीनाथ केबिनमध्ये गेला. टेबलावर कॉम्प्युटर. पडदा काळा, बंद. डबा केवढा थोरला, पत्र्याचा, जड! काशीनाथला पत्र्यातलं कळत होतं. पत्रा एक नंबर होता. त्याने काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, माळ घातली, आणि डब्याच्या तोंडावर जी आडवी फट होती तिच्या वर अक्षता टाकल्या.

"नया है ना, शेठ?"

"अपने लिए तो नया ही है. साडू के ऑफिस से आया."

खिशातला कागद टोचत होता. चालू करून बघ, म्हणाला होता. पण चालू कसा करणार? बाहेर दहा माणसं उभी होती, ज्यांना त्याने पाच मिनिटांपूर्वी तीन बोटांची गोष्ट सांगितली होती. आणि शेठला म्हणायचं काय? "शेठ, आज माझ्यासाठी नवमी मोडा"? काशीनाथ तोडणकरने? फट तरी मोजावी, म्हणून त्याचा हात खिशाकडे गेला. पण व्हर्निअर हेही हत्यारच, आणि ते त्याने सकाळी पाटावर ठेवून त्याला हळद-कुंकू लावलं होतं. खिशात नुसता कागद होता.

त्याने डोळ्यानेच माप घेतलं. फ्लॉपी जाईल की. हत्ती जाईल एवढी फट आहे.

"शेठ, रविवार को मेरे भाई को दस मिनिट चाहिए इसका."

"ले ना. चाबी वॉचमन के पास. ज्यादा छेडछाड नहीं."

घरी पराग दारातच उभा होता. "बघितलंस?"

"बघितलं."

"रंगीत आहे?"

"मग काय काळा-पांढरा असणार? एवढा मोठा डबा!"

"फट?"

"जाते. आरामात."

"चालू केलास ना, दादा? आकडा किती आला?"

काशीनाथने खिशावरून हात फिरवला. मग कागदावरचा सर्वांत मोठा आकडा आठवून म्हणाला, "सहाशे चाळीस. पूर्ण!"

पराग त्याच्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार होता. मग "बरं" म्हणाला आणि आत गेला.

नीलिमा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "नवमीला मशीन चालू केलंत तुम्ही?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" काशीनाथ म्हणाला.

रविवारी पावणेअकराला मॅडम आल्या. साध्या सुती ड्रेसमध्ये, खांद्याला पिशवी, वय पस्तिसेक. काशीनाथ इस्त्रीचा शर्ट घालून, दसऱ्याच्या सोन्याची दोन पानं वरच्या खिशात ठेवून स्टेशनवर घ्यायला गेला होता. गाळ्यापर्यंतच्या वाटेत त्याने परागचं सगळं चरित्र सांगितलं, आणि त्यातलं अर्धं स्वतःचंच होतं. मॅडम हसून ऐकत होत्या. पराग चार पावलं मागे.

वॉचमनने केबिन उघडली. माळ सुकली होती. काशीनाथने ती बाजूला सारली आणि परागला खुर्ची दिली. परागने मात्र बसायच्या आधी डब्याकडे बघितलं आणि तो तसाच उभा राहिला.

"दादा, ही मोठी फट आहे."

"मोठी आहे तर बरंच आहे की. दे इकडे."

"नको, दादा, ती..."

काशीनाथने त्याच्या हातातली फ्लॉपी घेतली आणि फटीत सारली. गेली. आरामात गेली. पार आत गेली आणि दिसेनाशी झाली. आत कुठेतरी खट्‌ झालं. काशीनाथने बटण दाबलं. पंखा घरघरला, आणि कुंकवाच्या स्वस्तिकामागून पडद्यावर अक्षरं उमटली. हिरवी. नुसती हिरवी. दुसरा रंगच नव्हता त्याला.

मॅडम हळूच म्हणाल्या, "हे खूप जुनं मशीन आहे. हिशोबाचं असेल. याच्यावर नाही चालणार."

"थांबा, थांबा. गरम होऊ दे जरा," काशीनाथ म्हणाला. मशीन बंद केलं, गाळ्यातून नोजप्लायर आणला आणि फटीत घालून फ्लॉपी ओढली. फ्लॉपी आली, तिची पत्र्याची पट्टी वाकून. काशीनाथने अंगठ्याने ती पट्टी सरळ केली. अख्ख्या भाईंदरमध्ये पत्रा त्याच्यासारखा कुणी सरळ करत नसे. पट्टी सरळ झालीही.

"माझ्याकडे दुसरी आहे," पराग म्हणाला. शर्टाच्या खिशातून त्याने काढली. "पण या मशीनवर नाही होणार."

"दुसरीकडे कुठे आहे का?" मॅडमनी विचारलं.

"डोंगरीला आहे. माझ्या मित्राकडे. त्याच्यावर चालतो."

"मग प्रश्नच मिटला! मला उत्तनलाच जायचंय. स्टेशनच्या पलीकडून रिक्षा करू. माझ्याकडे तासभर आहे."

पराग हसला. त्या आठवड्यात पहिल्यांदा. फ्लॉपी खिशात घातली आणि दाराकडे वळला.

आता इथे काशीनाथने गप्प राहायचं होतं. एवढंच. काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. पण वॉचमन दारात उभा होता आणि हसत होता. निदान काशीनाथला तो हसल्यासारखा वाटला. उद्या सोमवारी सगळ्या गाळ्यात बोभाटा होणार, की काशीनाथचा कॉम्प्युटर चालला नाही, म्हणून बाईला डोंगरीला न्यावं लागलं.

"मॅडम," तो म्हणाला, "माझ्या भावाने बनवलाय म्हणजे चालतो. तुम्हाला काय दारोदार फिरून परीक्षा घ्यायचीय त्याची?"

"परीक्षा नाही हो. मला फक्त चालताना बघायचाय."

"माझ्या शब्दावर भरवसा नाही?"

"तुम्ही बघितलाय का गेम?"

काशीनाथचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मग रागाने आणखी मोठं उघडलं. "ते विचारणाऱ्या तुम्ही कोण? आम्ही तुमच्याकडे आलो नव्हतो. विश्वास नसेल तर राहू द्या. छप्पन मासिकं पडलीत!"

मॅडमनी परागकडे बघितलं. चांगलं दोन श्वास बघितलं. तो आता "चला" म्हणाला असता तर त्या गेल्या असत्या. परागने दादाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. पिशवी खांद्यावर घेतली आणि गेल्या. बाहेरच्या फरशीवर त्यांच्या चपला वाजत गेल्या.

"जाऊ दे. असल्या बाया..." काशीनाथने सुरुवात केली.

"तू चालूच केला नव्हतास," पराग म्हणाला.

"केला होता. सहाशे चाळीस..."

"मोकळी सहाशे चाळीस कुठल्याच मशीनची नसते, दादा. थोडी तरी ते मशीनच खातं. मला शुक्रवारीच कळलं होतं."

"मग तेव्हा का नाही बोललास, गाढवा?"

"तुला कोण बोलणार?" पराग म्हणाला. आवाज चढवला नाही की काही नाही. त्याने सुकलेली माळ परत पडद्यावर नीट घातली, जशी होती तशी.

सीडी निघाली. तिच्यात चौदा गेम होते. काशीनाथने स्टेशनवरच्या स्टॉलवर मासिक हातात घेऊन मागची यादी वाचली, इंग्रजी एकेक अक्षर लावत, आणि परत ठेवलं. मॅडमना सीडीच्या कामाला दुसरा कुणीतरी मुलगा मिळाला असणार. जानेवारीत पराग पुण्याला गेला. एका ऑफिसात बिलं टाइप करायची नोकरी. जाताना आईच्या पाया पडला, वहिनीच्या पडला, दादाच्याही पडला. भांडला असता तर बरं झालं असतं. पत्र आईच्या नावाने यायचं, आणि खाली 'दादास नमस्कार', बस.

काशीनाथ गाळ्यात सांगायचा, "पुण्याच्या मोठ्या कंपनीने उचलला. सोडतच नव्हते." माना हलायच्या. आता कुणी जपानचं विचारायचंही नाही.

होळीच्या आधी एका रविवारी तो डोंगरीला गेला. घरी सांगितलं, परागच्या फ्लॉप्या तिथे राहिल्यात त्या आणतो. बसमधून उतरून चर्चच्या मागच्या बाजूला घर शोधलं. ओट्यावर ॲरनची आई ग्रेसी मिरच्या निवडत होती.

"कोन? परागचा दादा काय? ये, बस ना. पराग न्हाय आला?"

"तो पुण्याला मोठ्या हुद्द्यावर आहे," काशीनाथ म्हणाला.

"हाय, हाय. ॲरनला पत्र येतं त्याचं," ग्रेसी म्हणाली. "पानपानभर."

पानपानभर. काशीनाथ बसला.

ॲरनने फ्लॉपी काढून दिली. काशीनाथने ती हातात उलटीसुलटी केली. मग म्हणाला, "चालतो का रे हा? तुझ्याकडे?"

"चालतो की, दादा. दाखवू?"

फ्लॉपी छोट्या फटीत गेली, बरोबर मापात. पडदा उजळला. चार मजल्यांची बिल्डिंग, रंग उडालेली. खाली टँकर. आणि एक एवढासा माणूस, खांद्यावर टॉवेलची चुंबळ, तिच्यावर हंडा. शर्टाच्या खिशात पांढरी काडी. काशीनाथ वाकून बघायला लागला. पेन नव्हतं ते. वरच्या टोकाला दोन दात होते त्याला.

"हा... हा मी आहे!" तो ओरडला. ग्रेसी बाहेरून डोकावली. "बघा, बघा! मला घातलंय त्याने!"

"खेळा ना तुम्हीच," ॲरन म्हणाला. "या बटणाने चढायचं."

माणूस चढायला लागला. पहिला मजला आला. तिथे एक दार उघडलं, शेजारी बाहेर आला, आणि माणूस थांबला. त्याच्या डोक्यावर फुगा आला आणि फुग्यात अक्षरं भराभर भरत गेली. काशीनाथने बटण दाबलं. माणूस हलेना. बोलतच होता. हंड्याच्या बुडातून निळे थेंब पडायला लागले. टप, टप. आवाजही घातला होता परागने.

"चढत का नाही?"

"तो बोलतो तोवर चढत न्हाय, दादा. पाणी गळतं. ते मोठं लांब बटण हाय ना, स्पेस, ते दाबलं का गप होतो." ॲरनने मान खाली घातली. "दर मजल्यावर दाबायला लागतं."

काशीनाथने स्पेस दाबला नाही. बघत राहिला. फुगा मोठा होत होता, पायरीवर निळं तळं साचत होतं. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत एक लहान पोरगा पुस्तक घेऊन बसला होता, तो खाली बघत होता. हंडा रिकामा झाला. पडद्यावर आलं: परत भरून आणा.

चहा न घेताच तो उठला. फ्लॉपी तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी टँकरच्या लाइनीत सगळ्यांना कळलं होतं. "आमच्या परागने माझ्यावर गेम काढलाय. माझ्यावर! हुबेहूब मी. व्हर्निअरसकट! आहे का कुणाचा भाऊ असा?" पहिल्या मजल्यावर सांगितलं, दुसऱ्यावर सांगितलं. चौथ्यावर पोचला तेव्हा नीलिमा दारात उभी होती. तिने सगळं जिन्यातूनच ऐकलं होतं.

"गेममध्ये तुम्ही काय करता?" तिने विचारलं.

"पाणी भरतो."

"आणि?"

काशीनाथने हंडा पिंपात ओतला, चुंबळ झटकली आणि दुसरा हंडा आणायला खाली गेला.